सड्यावरच्या घराभोवती काय लावू: करवंद, अंजनी, तोरण की पिटकुळी?

सड्यावरचं_घर

नमस्कार. राजापूर तालुक्यात आंबोळगडच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आमची वीस गुंठे जागा आहे. घर गेल्या दिवाळीत पुरं झालं आणि आईबाबा मुंबई सोडून कायमचे तिथे राहायला गेले. मी ठाण्याला असतो, जमेल तसा जातो-येतो. घराभोवती काय लावायचं ते पावसाच्या तोंडावर ठरवायचं आहे, आणि घरात तीन माणसांची तीन मतं.

जागा कशी आहे ते आधी सांगतो. पश्चिमेला उतार आणि खाली समुद्र, मधे एकही मोठं झाड नाही. पावसाळ्यात वारा थेट घरावर येतो, खिडकीच्या गजांवर मिठाचा थर बसतो. माती कुठे वीतभर, कुठे तेवढीही नाही, नुसता काळा पडलेला कातळ. दक्षिणेला रस्ता आणि चिऱ्यांचा जुना गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. तो दोन ठिकाणी ढासळलाय, तिथून गुरं आत येतात. उत्तरेला विहीर, पण एप्रिलमध्ये तिचा तळ दिसतो, म्हणजे झाडांना द्यायला पाणी जवळजवळ नाहीच. पूर्वेला स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे जुना काजू, त्याची बऱ्यापैकी सावली असते.

मला हवंय ते असं: बारा महिने हिरवं राहावं, पहिली एक-दोन वर्षं सोडली तर पाणी मागू नये, खाऱ्या वाऱ्याला टिकावं, गुरं अडवावीत आणि फळ खाता यावं. मुलगी सहा वर्षांची आहे. सुट्टीत गेल्यावर तिने झाडावरून तोडून काहीतरी खावं असं मला फार वाटतं.

बाबा म्हणतात करवंदच लाव, दुसरं काही नको. आई म्हणते करवंदीच्या जाळीत फुरसं (विषारी साप) असतं, घराजवळ नकोच. शहरातल्या एका नर्सरीवाल्याने वेगळंच सुचवलंय: पुढे सोनेरी दुरांता, रस्त्याच्या कडेने ‘कॅरिसा’, आणि त्याआधी जेसीबी फिरवून आतला सगळा झाडोरा काढायचा, लाल मातीचे आठ-दहा डंपर टाकून जागा सपाट करायची. जेसीबीवाला पुढच्या आठवड्यात येतोय. अंजनी, तोरण, पिटकुळी, आटक ही नावं बाबांकडून ऐकली आहेत, पण यातलं काय कुठल्या बाजूला शोभेल आणि टिकेल ते कळत नाही. ज्यांनी स्वतः लावलंय त्यांनी सांगावं.

पोफळीचं_आगर (श्रीवर्धन)

मी बाबांच्या बाजूने. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. आगरातल्या पोफळी आणि माड ओळीने आडवे झाले, ते आम्ही अजून भरून काढतोय. वरच्या डोंगरातल्या करवंदी मात्र जागच्या जागी होत्या. पानं करपली होती, पण पाऊस लागला तशा पुन्हा फुटल्या. तेव्हापासून माझ्या बांधावर मी दुसरं कुंपण घालत नाही.

गडग्याच्या आतल्या अंगाने दोन-दोन हातांवर रोपं लावा, पण दोन ओळींत, एका ओळीतल्या फटीसमोर दुसऱ्या ओळीतलं रोप येईल अशी. जाळी भरायला तीन-चार वर्षं जातात. तोवर ढासळलेल्या जागी काट्याकुट्यांची वई (तात्पुरतं कुंपण) घाला, नाहीतर गुरं रोपं तुडवतील. कोवळं रोप असताना बकरीसुद्धा तोंड लावते, काटे जून झाले की मग कोणी जात नाही.

रोपंवाली (कुडाळ)

आधी जेसीबीवाल्याला फोन करून थांबवा. बाकीचं मग सावकाश बोलू.

मी रानातल्या बिया आणून रोपं करते, तोच माझा धंदा आहे. तुम्ही विचारताय की कुठलं झुडूप टिकेल. याचं उत्तर तुमच्या जागेत आत्ता उभं आहे आणि तेच तुम्ही पुढच्या आठवड्यात उपटायला निघालाय. सड्यावर, समुद्राच्या तोंडावर, कोणी पाणी न घालता, कोणी खत न टाकता जे आजपर्यंत तगलंय ते पुढेही तगणार. त्याला झाडोरा म्हणून बाजूला काढू नका.

बाबांना घेऊन एक दिवस सकाळी जागेतून फिरा. हातात चुन्याचा डबा ठेवा आणि जे ओळखता येईल त्याच्या बुंध्याजवळ दगडावर ठिपका द्या. आता एप्रिलअखेर आहे, करवंद ओळखायला याच्याइतका सोपा काळ नाही, जाळीवर फळं असतील. पान तोडलंत की देठातून पांढरा चीक येतो. काटे जोडीने असतात, सरळ, टणक. अंजनी कातळाच्या भेगेत सापडेल. पान जाड, गर्द हिरवं, समोरासमोर. तिची फुलं तुम्ही एकदा बघितली असती तर तिच्यावर जेसीबी घालायचं मनातही आलं नसतं: पानांच्या आतल्या अंगाला, जुन्या उघड्या फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गच्च झुबके येतात, अख्खी काठी निळी होते. आता फुलोरा ओसरला असेल, त्या जागी मिरीपेक्षा जरा मोठी फळं दिसतील. ती आधी पिवळट असतात, पिकली की काळी जांभळी होतात.

कातळावर मनगटाएवढ्या खोडाची करवंद किंवा अंजनी मिळाली तर ती किती जुनी असेल याचा विचार करा. तेवढी जाळी जगातली कुठलीही नर्सरी तुम्हाला डंपरमधून आणून देऊ शकत नाही.

आणि मातीचे डंपरही नकोत. उघड्या कातळावर टाकलेली लाल माती जुलैच्या पहिल्या मोठ्या झोडीत उतारावरून खाली जाते. थोडी विहिरीत उतरेल, थोडी खालच्या शेजाऱ्याच्या भाताच्या कोपऱ्यात. उरलेल्या मातीवर घाणेरी आणि रानमोडीचं तण उगवेल. त्यापेक्षा कातळ उघडा ठेवा. रत्नागिरी-राजापूर-देवगडच्या सड्यांवर पावसाच्या सुरुवातीला दीपकाडीची पांढरी फुलं येतात. हा कंद मुख्यतः कोकणातच आढळतो, आणि तो त्या पातळ मातीतच जगतो. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, तेरडा, सगळं फुकटात मिळेल. शिवाय राजापूर तालुका आहे म्हणून सांगते, देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. तुमच्या जागेत असतीलच असं नाही. पण यंत्राचा पट्टा फिरवण्याआधी गवत वाळलेलं असताना, सकाळच्या तिरक्या उन्हात कातळ एकदा पूर्ण बघून घ्या. एकदा खरवडला की गेला.

आता बाजू.

पश्चिमेला एकट्या करवंदीवर भार टाकू नका. सगळ्यात पुढे निर्गुडी. ती बेरीची नाही, फळ खायचं नाही, पण खारा वारा अंगावर घेते आणि पावसात दांडे खोचले तरी लागते. तिच्या मागे दीड-दोन मीटरवर करवंद. करवंदीचं पान चामड्यासारखं जाड आणि चकचकीत असतं, मोठ्या झाडाला मिठाचं फारसं वाटत नाही. रोपाला वाटतं. पहिल्या पावसाळ्यात कोवळे शेंडे करपतात, म्हणून पश्चिमेच्या अंगाने माडाच्या झापाचा आडोसा द्या आणि तो दसऱ्याला काढा. त्याच्या मागे, जिथे माती नाहीच आणि कातळाला भेग आहे, तिथे अंजनी. तिला काटे नाहीत, ती बारा महिने हिरवी, आकार आपला आपण गोल धरते, कात्री लागत नाही. फक्त वाढते फार हळू. घाई असेल तर अंजनी लावू नका, आणि जागेत असेल तर कुठल्याही घाईसाठी तोडू नका. तिचं फळ तुरट, मुलं एखाददुसरं तोंडात टाकतात तेवढंच. ते पाखरांसाठी समजा.

दक्षिणेला, रस्त्याकडे, वर श्रीवर्धनच्या दादांनी सांगितलंय तसंच करवंद. ढासळलेल्या दोन जागांपैकी जी कोपऱ्यात असेल तिथे एक तोरण सोडा. आमच्याकडे तिला चुन्ना म्हणतात. पांढरं, पिठूळ, गोडसर फळ, आत एकच बी. मला स्वतःला करवंदापेक्षा ते आवडतं. पण तोरण कुंपणाच्या ओळीत बसणारी नाही. तिच्या फांद्या हात पसरत जातात, आधार मिळेल त्यावर चढतात आणि काटे मागे वळलेले असतात. कपड्यात अडकले तर पुढे ओढून सुटत नाहीत, मागेच जावं लागतं. दरवाजापासून लांब, गडग्यावर झोकून द्यायला ती उत्तम. कापून नीटस ठेवायची असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

पूर्वेला पिटकुळी, डोळे मिटून. काजूची अर्धी सावली तिला मानवते. बिनकाट्याची, वर्षभर थोडंथोडं फुलत राहणारी, लाल फुलांचे गेंद. मुलीला फुलाच्या नळीतला मध चोखायला शिकवा, आजोबांना नक्की माहीत असेल. फळ वाटाण्याएवढं, लाल, पिकल्यावर गडद होतं, गोडसर तुरट, खायला चालतं. नर्सरीत जाऊन मागाल तर पिवळ्या-गुलाबी ठेंगण्या जाती पुढे करतील, त्यांना फळ क्वचितच धरतं. आपली रानातली उंच लाल पिटकुळी घ्या. पावसात फांदी खोचून लागते, शेजारच्या देवळाच्या आवारात बहुतेक मिळेलच, विचारून चार फांद्या घ्या.

आटक मात्र एकटी लावलीत तर फळाची खात्री नाही. नर झाड वेगळं, मादी वेगळी. रोप असताना ओळखता येत नाही. लावायची तर चार-पाच लावा, आणि ती झुडूप न राहता झाड होते, त्यामुळे काजूच्या पलीकडे, मोकळ्या जागेत. खोडावर काटे असतात हेही लक्षात घ्या.

खड्डे जेसीबीने नको, पहारीने. दीड फूट खोल जमलं तर छान. कातळ लागला तर तिथे सोडून द्या, हातभर बाजूला बघा. निघालेली माती, कुजलेलं शेणखत आणि पातेरा (वाळलेला पाला) एवढ्यावर भागतं. एक गोष्ट सड्यावर सगळ्यात जास्त रोपं मारते आणि ती दुष्काळ नाही. कातळातला खड्डा म्हणजे टाकी. जुलैत तो भरतो, पाणी जायला जागा नसते आणि करवंदीची मुळं कुजतात. म्हणून खड्डा भरताना माती जमिनीच्या वर वीतभर उंच करा, रोप त्या उंचवट्यावर बसवा आणि उताराच्या बाजूला पाणी जायला चर ठेवा.

पाखरू_गुहागर

रोपंवाली ताईंच्या यादीत दोन नावं घालतो. किरमिरा आणि माकडलिंबू. दोन्ही लिंबाच्या कुळातली, दोन्ही सदाहरित. किरमिऱ्याला काटे नाहीत, फळं गुलाबी-पांढरी, आतून पाणीदार दिसणारी, झुबक्यात येतात. स्वयंपाकघराच्या बाजूला पिटकुळीच्या मागे, थोड्या जास्त सावलीत लावा. नीलवंत फुलपाखरू, जे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्यफुलपाखरू आहे, याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. तुमच्या मुलीला अळी, कोष आणि फुलपाखरू घराच्या मागच्या दारात दिसेल. पानं कुरतडलेली दिसली तर आईंना सांगा, औषध मारू नका.

दुरांताबद्दल मी स्पष्ट लिहितो. ती पिवळी मण्यांसारखी फळं दिसायला सुंदर असतात आणि मुलांसाठी विषारी असतात. सहा वर्षांची मुलगी, शेजारी करवंद तोडून खायला शिकवलेली, आणि दोन पावलांवर दुरांता. असं घरात करू नका. झाड अमेरिका खंडातलं आहे, बुलबुल त्याची फळं खाऊन बी कुठेही टाकतात. घाणेरी अशीच बागेच्या शोभेसाठी म्हणून इंग्रजांच्या काळात आणली गेली, आणि आज आमच्या डोंगराच्या उतारावर करवंदीला उगवायला जागा उरलेली नाही. पाखरं जे खातात ते पेरतात, त्यामुळे तुम्ही कुंपणाला काय लावता ते फक्त तुमच्या गडग्याच्या आत राहत नाही.

तारकर्ली_न्याहरी

आमच्याकडे पाहुणे राहायला येतात, त्यामुळे माझी अडचण वेगळी. करवंदीचा काटा पायात गेला की दुखणं दोन-तीन दिवस राहतं, मुलं चेंडू काढायला जाळीत शिरतात. मी वाळूत, किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे. नर्सरीवाले ज्याला कॅरिसा म्हणतात ते मी लावलंय आणि ते मिठाला खरंच उत्तम टिकलंय. पांढरी मोठी फुलं, वास छान, आकार नीट. त्याला एवढं वाईट म्हणायचं कारण नाही असं मला वाटतं. करवंदाच्याच जातीचं आहे ना ते?

सड्यावरचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. जेसीबी रद्द केला. काल बाबांना फोनवर ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि ते संध्याकाळीच चुना घेऊन निघाले. रात्री त्यांनी फोटो पाठवले. पश्चिमेच्या उतारावर करवंदीच्या मोठ्या जाळ्या, कातळात अंजनी दोन ठिकाणी, आणि विहिरीच्या मागे त्यांना आठवत होती तशी एक तोरण आहेच. ते इतके खूश होते की फोन ठेवत नव्हते.

पण आईचा प्रश्न राहतो. तिला सापाची भीती खरी आहे. शेजारच्या वाडीत गेल्या वर्षी एका माणसाला फुरसं चावलं होतं. तिला मी नुसतं ‘काही होत नाही’ असं सांगू शकत नाही. आणि तारकर्लीच्या ताईंनी विचारलंय तेच मलाही विचारायचं होतं: कॅरिसा आणि करवंद यात फरक काय? शिवाय करवंद कापून नीट आकारात ठेवता येते का, कधी कापायची?

रोपंवाली (कुडाळ)

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती योग्य आहे आणि त्यांना समजावताना कोणीही हसू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात फुरसं भरपूर आहे, ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि विषारी असतं.

पण ते राहतं कुठे ते बघा. फुरशाला सैल दगड हवा. चिऱ्यांचा ढीग, ढासळलेला गडगा, बांधकामातून उरलेले तुकडे, लाकडाची मोळी. घर गेल्या दिवाळीत पुरं झालंय म्हणजे चिऱ्यांचे तुकडे कुठेतरी रचून ठेवले असणार. ते आधी घरापासून लांब न्या, आणि नेताना हाताने उचलू नका, आधी पहारीने उलटा. गडग्याची ढासळलेली जागा पुन्हा रचून घ्या. घराच्या भिंतीपासून पाच-सहा हात काहीच लावू नका, तिथे खळ्यासारखी मोकळी, झाडलेली जमीन ठेवा. पिटकुळी आणि किरमिरासुद्धा त्या पट्ट्याच्या बाहेर. करवंद तर घरापासून लांबच आहे, गडग्याला. जाळीच्या बुडाचा पातेरा वर्षातून एकदा, शिमग्याच्या आधी, लांब दाताळ्याने ओढून काढा. वणव्याच्या दिवसांत तेही बरं. रात्री अंगणात उतरताना बॅटरी आणि पायात काहीतरी, हे करवंद लावली नाहीत तरी पाळायलाच हवं. आणि चावलाच तर मांत्रिक नाही, बांधाबांध नाही, कापाकापी नाही, थेट सरकारी दवाखाना. लस तिथे मिळते. तुमच्यापासून जवळचा दवाखाना कुठला, रात्री गाडी कोणाची, हे आजच ठरवून नंबर भिंतीवर लिहा. आईंचा जीव त्याने जास्त शांत होईल.

तारकर्लीच्या ताईंना: तुमची जागा वाळूची आणि अगदी किनाऱ्यावरची, लावलंय ते उपटा असं मी म्हणणार नाही. कॅरिसा म्हणून विकतात ते दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं झुडूप आहे, करवंदाचं चुलत भावंड. मिठाला पक्कं आहे हे खरंच. फूल आपल्या करवंदापेक्षा मोठं, काट्याला टोकाशी दोन फाटे, आणि फळ पिकल्यावर लालच राहतं, काळं होत नाही. पिकलेलं फळ खाता येतं. माझी तक्रार एवढीच की लोक करवंद मागतात आणि हे घेऊन जातात. ज्याच्या सड्यावर आपली करवंद मुळातच टिकलीय त्याने विकत घेऊन दुसरं कशाला आणायचं? काटा दोघांनाही आहे, त्यामुळे चेंडूचा प्रश्न त्याने सुटत नाही. मुलं खेळतात त्या बाजूला तुम्ही पिटकुळी लावून बघा, ती तुमच्याकडे घराच्या आडोशाला नक्की येईल.

कापणीचं. करवंदीचं फूल फांदीच्या शेंड्याला येतं. पौष-माघात कळ्या धरतात, एप्रिल-मेमध्ये फळ. लोक दिवाळीत घर रंगवतात तेव्हा कुंपणही कापून सारखं करतात आणि मग मे महिन्यात विचारतात की फळ का नाही. दिवाळीत कात्री लावली म्हणजे येणाऱ्या फळाचे शेंडेच काढून टाकले. कापायची ती फळं संपली की, पावसाच्या पहिल्या आठवड्यात, फक्त वाटेवर आलेलं आणि आत वाळलेलं. मग चार महिने पावसात नवी फूट येते आणि तिच्यावर पुढचा बहर. विटेसारखं चौकोनी कापलेलं कुंपण हवं असेल तर फळ विसरा. रस्त्याकडची बाजू थोडी कापा, आतली बाजू मोकळी सोडा, म्हणजे गाडीवाल्यांना फांद्या लागणार नाहीत आणि मुलीला करवंदं मिळतील.

लोणच्यासाठी मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण बोल्ड’ ही जात आहे, तिची थोडी रोपं विहिरीच्या बाजूला लावा. कुंपणाच्या ओळीला मात्र तुमच्याच उतारावरचं बी घ्या.

पोफळीचं_आगर (श्रीवर्धन)

दिवाळीत न कापण्याचा मुद्दा अगदी बरोबर. आमच्या रस्त्याच्या कडेच्या जाळ्या गणपतीनंतर रस्ता साफ करताना छाटतात आणि त्या बाजूला फळ नसतं, डोंगराच्या बाजूला लगडलेलं असतं. कारण आत्ता कळलं.

सड्यावरचं_घर

आईला सगळं वाचून दाखवलं. पाच-सहा हात मोकळी जमीन आणि चिऱ्यांचे तुकडे हलवणं यावर ती तयार झाली. तुकडे खरंच पाठच्या पडवीला टेकूनच रचलेले आहेत, शनिवारी गडी येतोय. पिटकुळी तिने स्वतःच मागितली, तिच्या माहेरी दारात होती म्हणे.

शेवटचं विचारतो: उतारावरच्या करवंदीचं बी आत्ताच धरायचं का, आणि यंदाच्या पावसात लावायला रोपं कुठून आणू? बाबा म्हणतात फांद्या खोचून बघू.

रोपंवाली (कुडाळ)

करवंदीची फांदी खोचून सहजासहजी लागत नाही, बाबांना त्रास देऊ नका. बीच धरा. फळ पूर्ण काळं झालेलं, हाताला मऊ लागणारं हवं. लाल, गुलाबी नको. वेगवेगळ्या पाच-सहा जाळ्यांवरून थोडं थोडं घ्या, एकाच जाळीचं नको. ज्या जाळीचं फळ मोठं आणि गोड, तिचं जास्त. गर मुलीला खाऊ दे, बिया वाळूत चोळून चीक जाईपर्यंत धुवा, सावलीत एक दिवस सुकवा आणि लगेच पेरा. करवंदाचं बी डब्यात भरून ठेवलं की दम सोडतं, पुढच्या वर्षाला उगवत नाही. पिशवीत माती, वाळू, शेणखत सारखं घ्या, बी नखभर खोल, पिशव्या काजूच्या सावलीत. पंधरा-वीस दिवसांत कोंब दिसायला लागतील. ती रोपं पुढच्या मृगात जमिनीत जातील, त्याआधी घाई करू नका.

यंदासाठी वर्षभराची तयार रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा. मिळाली तर पश्चिमेची ओळ यंदा लावून टाका, दक्षिणेची पुढच्या वर्षी तुमच्या बियांची. ढासळलेल्या जागी तोवर वई आहेच. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक दोन रोपांमध्ये एक लहान मडकं गळ्यापर्यंत पुरा, बुडाला बारीक भोक पाडून वात घाला, आणि आठवड्यातून एकदा भरा. भांडी घासलेलं पाणी नको, त्यात साबण असतो. तांदूळ, भाजी धुतलेलं चालेल. तेवढ्याला तुमची विहीर पुरते.

बिया गोळा करायला मे महिन्याचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. वळवाचा एखादा जोराचा पाऊस झाला की फळ पाणचट होऊन गळतं, आणि राहिलेलं केडली (माकडं) घेऊन जातात.